चाप परत येत नाही

१८ ऑगस्ट, रविवार

रायफल आज पुरी झाली. चर्चहून आलो तो कपडे न बदलता थेट गॅरेजमध्ये गेलो आणि शेवटचा स्क्रू पिळला. लवॉन दारात येऊन म्हणाली, "त्या पँटला ग्रीस लागलं तर ती तूच धुणार आहेस." मग जरा थांबून म्हणाली, "दिसायला बरी आहे." बायकोकडून एवढं मिळालं म्हणजे पदकच.

ही वहीसुद्धा तिनंच आणली. मी ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शॉपमध्ये होतो तेव्हा हाताखालून गेलेल्या प्रत्येक यंत्राबद्दल दोन ओळी लिहून ठेवायचो. निवृत्त झाल्यापासून ते सगळं लवॉनला ऐकवतो. ती म्हणाली, "वहीला सांग. मला जरा टीव्ही बघू दे."

तर वहीला सांगतो. पाच ऑक्टोबरला आमच्या नेमबाजी क्लबची शरदातली स्पर्धा आहे. त्यात घरी बांधलेल्या रायफलींची जोडीची फेरी असते. दोघं जोडीदार, दोघांची आपापली रायफल, आणि ज्यानं बांधली त्यानंच चालवायची. आधी सावकाश फेरी, मग जलद फेरी. गेल्या वर्षी माझ्या जोडीदाराची, गेलनची, तयार होती, माझी नव्हती, म्हणून तो उतरलाच नाही. दिवसभर आम्ही दोघांनी लोकांना कॉफी वाटली. या वर्षी मी कॉफी वाटणार नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

रेंजवर पहिली चाचणी. गेलन होगन आपला बीटचा मळा मुलावर सोडून आला होता आणि खुर्ची टाकून थिएटरात बसल्यासारखा बसला होता.

पहिल्या काही गोळ्या छान गेल्या. मग चाप मेला. चाप ओढला, गोळी गेली, की बोट सैल सोडायचं. चाप पुढे सरकतो, 'टिक्' असा जागेवर बसतो, आणि मग पुढची गोळी झाडता येते. तो टिक् आलाच नाही. चाप मागेच लोळत राहिला.

"झोपली वाटतं," गेलन म्हणाला. "रविवारचं प्रवचन हिलाही ऐकवलंस का?"

"तू गप्प बस. तुझी पहिल्या दिवशी कशी वागली ते मला आठवतंय."

"माझी निदान जागी होती."

रिकामी करून परत आणली. रेंजचा कारभार मार्डेल बघते. बाई पूर्वी गावातल्या शाळेत व्यायाम शिकवायची आणि अजून आम्हा सगळ्यांना सातवीतली पोरं समजते. ती म्हणाली, "ऑर्व्हिल, स्पर्धेच्या दिवशी दोनदा मेली तर मी ती खोक्यात घालायला लावीन. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं तरी."

१ सप्टेंबर, रविवार

दुपारी गेलन आला. गॅरेजच्या टेबलावर रायफल उघडली. त्यानं चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि चापाच्या स्प्रिंगकडे बघत राहिला.

"ही वाकवली कुणी?"

"मी. थोडीशी. चाप फार जड लागत होता."

"जड? जन्मभर तू रांगड्या ट्रॅक्टरांचे क्लच दाबलेस. आणि हा जड?"

"लागत होता जड. मी काय करू?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा स्प्रिंगकडे. म्हणाला, इतकी मऊ केल्यावर तिच्यात चापाला पुढे ढकलायचा जोर कुठला राहणार? बरोबर होतं. माझ्याच हातची चूक. नवी स्प्रिंग मागवायची आणि तिला हात लावायचा नाही, असं ठरलं. मला बरं वाटलं. कारण सापडलं की अर्धं काम झालं.

लवॉननं हॉटडिश केलं होतं, मांस आणि बटाटे एकत्र भट्टीत शिजवलेलं. गेलननं तीनदा वाढून घेतलं आणि लोणच्याची बरणी माझ्या हातातून घेऊन स्वतः उघडली. मी उघडणारच होतो. झाकण वाकडं बसलं होतं.

७ सप्टेंबर, शनिवार

नवी स्प्रिंग घातली. गॅरेजमध्ये रिकामी रायफल धरून पुन्हापुन्हा पाहिलं. चाप ओढून धरायचा, वरचा दांडा मागे खेचून सोडायचा, आणि मग बोट हळूहळू सैल करायचं. टिक्. दरवेळी टिक्. लवॉनला बोलावून ऐकवलं.

"घड्याळासारखं वाजतं," ती म्हणाली.

"घड्याळापेक्षा बरं."

"मग आता जेवायला ये."

तिनं माझ्या निळ्या शर्टाची सगळी बटणं काढून तिथे दाबायची टिचबटणं लावली आहेत. म्हटलं, हे काय? तर म्हणे आता हीच पद्धत आहे. बायकांच्या मासिकात येतं असलं काहीतरी. सोयीचं आहे, खोटं कशाला बोलू?

१० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी एकटाच रेंजवर गेलो. सावकाश झाडल्या तेव्हा सगळ्या गेल्या. जलद झाडायला लागलो आणि तिसऱ्याच गोळीनंतर चाप मेला. थांबलो, हात झटकला, पुन्हा पाहतो तर चाप जागेवर होता. पुढची गेली. मग पुन्हा मेला.

येतो आणि जातो असा बिघाड सगळ्यात वाईट. शॉपमध्ये असली यंत्रं माझ्याकडेच यायची. बाकीचे पोरगे सरळ तुटलेलं दुरुस्त करायचे. जे माझ्यासमोर चालायचं आणि घरी गेल्यावर बंद पडायचं, ते माझ्या वाट्याला. म्हणून कुणी मशीन घेऊन आला की मी पान्याला हात लावायच्या आधी विचारायचो, "चालवत कोण होतं?" लोक चिडायचे. गेलन तर एकदा अर्धा दिवस माझ्याशी बोलला नव्हता. त्याचं बीट खणायचं मशीन ओढत नाही म्हणून तो इंजिन बदलायला निघाला होता, आणि निघालं काय, तर त्याचा मेहुणा ब्रेकवर बूट ठेवून चालवत होता.

रायफलीत मात्र मेहुणा नाही. ती मीच बांधली आणि चालवतो मीच. तेव्हा दोष आत कुठेतरी आहे.

मला वाटतं, ग्रीस. सकाळी थंडी असते, ग्रीस घट्ट होतं. सकाळी तर माझीसुद्धा बोटं आखडलेली असतात, कॉफीचा कप धरला की सुटतात.

१४ सप्टेंबर, शनिवार

सगळं ग्रीस धुऊन काढलं. पातळ तेल लावलं. फरक नाही.

गेलननं माझी रायफल घेऊन दोन मॅगझिनं जलद झाडली. एकदाही अडली नाही. टपाटप टपाटप. परत माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "माझ्या हातात चालते."

"आज ऊन आहे."

"तुझ्यासाठी वेगळं ऊन आहे का?"

मी झाडली. चौथीला मेली.

खरं सांगायचं तर राग आला. त्याची तऱ्हा अशी की जणू रायफलीलासुद्धा तोच आवडतो. परतताना गाडीत, गावाच्या कोपऱ्यावर तो म्हणाला, "ऑर्व्ह, तुझा हात..." मी म्हटलं, "माझा हात ठीक आहे. तू स्टिअरिंग सांभाळ." मग आम्ही बीटच्या भावावर बोललो.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आता चापाचा अख्खा संचच नवा मागवला. सुटे भाग जमवण्यापेक्षा एकाच डब्यात बसवून आलेला. लवॉन म्हणाली, "अजून एक?" मी म्हटलं, शॉपमध्ये शेवटी हेच करायचो, सगळा भागच बदलायचा. ती म्हणाली, "शॉपमध्ये तू हे करणाऱ्यांना शिव्या द्यायचास."

तिची स्मरणशक्ती हा या घरातला जुना त्रास आहे.

तिनं माझा कॉफीचा कप बदलला आहे. नव्याचा कान एवढा मोठा की अख्खा पंजा आत जातो. जुना म्हणे फुटला. फुटलेला कुठे दिसला मात्र नाही. शिवाय एक तारखेला तिची क्लिनिकमध्ये तपासणी आहे, आणि एकटीला कंटाळा येतो म्हणून मीही यावं असं म्हणते. आजवर कधी कंटाळा आला नव्हता.

या पेनातून शाई नीट येत नाही. अक्षर कसं वेडंवाकडं होतंय. नवं घेतलं पाहिजे.

२१ सप्टेंबर, शनिवार

नवा संच बसवला. पहिली फेरी सुरेख. मी मनात म्हटलं, झालं. दुसऱ्या फेरीत दुसऱ्या गोळीला मेला.

रायफल खाली ठेवून बराच वेळ बसून राहिलो. शेजारच्या वाटेवरून बीटचे ट्रक जात होते. हंगाम सुरू झाला आहे. गेलननं थर्मासमधली कॉफी ओतून दिली. माझ्या मनात आलं की त्याला सांगावं, तू दुसरा जोडीदार बघ. क्लबमधला कर्टिस मागेच लागला आहे, त्याची रायफल चांगली चालते. सांगितलंही.

गेलन म्हणाला, "कर्टिस तोंडात तंबाखू धरून झाडतो. त्याच्या शेजारी मी दोन फेऱ्या काढू?"

"मग आपण काय करणार?"

"गेल्या वर्षी केलं तेच. कॉफी वाटू."

तो हे हसत म्हणाला, पण मी त्याला इतकी वर्षं ओळखतो. ती रायफल त्यानं गेल्या वर्षी एवढ्यासाठीच बांधली होती. तो सत्तरी पार करून गेला आहे, मीही. अजून किती शरद आमच्या खांद्याला दस्ता टेकवू देतील, कुणी सांगावं.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज सगळं लिहितो. पेन कसलंही असो.

स्पर्धेआधीची शेवटची चाचणी होती. लवॉन आपण होऊन म्हणाली, "मीही येते." तिनं रेंजवर यायचं म्हणजे नवलच. तिची आई कोंबड्या खाणारे कोल्हे अंगणातून टिपायची, आणि लवॉन म्हणते की बंदुकीचा आवाज तिनं लहानपणीच आयुष्यभराचा ऐकून घेतला. फ्रीझरमधल्या रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या करून घेतल्या आणि कानांवर गेलनचे जुने कानझाक घालून माझ्या उजव्या बाजूला, जरा मागे, विणकाम घेऊन बसली.

आधी मार्डेलनं रायफल रिकामी करून स्वतः तपासली. टिक्. पुन्हा टिक्. "हिला काहीही झालेलं नाही," ती म्हणाली.

मी झाडायला लागलो. तिसरीला मेला.

"झालं!" मी म्हटलं. "बघा! आता तुम्हीच बघा!"

"बोट सोड," लवॉन म्हणाली.

"काय?"

"ऑर्व्ह, तू बोट सोडतच नाहीस. मी तुझ्या निशाण्याकडे बघतच नव्हते, बोटाकडे बघत होते. चापाला पुढे जायचंय, तूच त्याला मागे धरून बसलायस."

"मी सोडलंय."

"खाली बघ."

मी खाली पाहिलं. मी बोट सोडलं होतं. डोक्यातून सोडलं होतं. बोट मात्र वाकलेलंच होतं, चापावर, जसंच्या तसं.

मार्डेलनं रायफल माझ्या हातातून काढून रिकामी केली, टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना कानझाक काढायला लावले. "मूठ मिट," ती म्हणाली, अगदी व्यायामाच्या तासाला म्हणायची तशी. मिटली. "उघड." चार बोटं उघडली. चापाचं बोट तिथेच राहिलं. मी जोर लावला. ते क्षणभर अडलं, आणि मग एकदम उसळून सरळ झालं.

टिक्.

आमच्या चौघांनाही ऐकू आला. इतके आठवडे जो ऐकायला मी मरत होतो तो.

गेलन आकाशात बदकं उडत होती तिकडे बघत होता. फार लक्ष देऊन बघत होता. लवॉननं विणकाम मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता कुणी कनवाळूपणे काही बोललं तर मी सरळ गाडीत जाऊन बसेन.

मग गेलन बदकांकडे बघतच म्हणाला, "ऑर्व्ह, एक विचारू?"

"विचार."

"चालवत कोण होतं?"

आधी मार्डेल हसली. मग लवॉन. ती हसली की तिच्या खांद्यांपासून सुरुवात होते. शेवटी मीही हसलो, दुसरं काय करणार? वीस वर्षं हा माणूस त्या मेहुण्याची परतफेड करायला टपून बसला होता.

येताना गाडीत मी लवॉनला विचारलं, "जुना कप कुठे आहे?"

"वरच्या कपाटात."

"आणि टिचबटणं?"

"ती खरंच मासिकात होती," ती म्हणाली. मग म्हणाली, "उन्हाळ्यापासून तुझं बोट बघतेय. तुला सांगितलं असतं तर तू शर्ट दुरुस्तीला टाकला असतास."

२९ सप्टेंबर, रविवार

चर्चला गेलो. नंतर तळघरात कॉफी होती. हात खिशात ठेवला होता.

संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन ती पहिली स्प्रिंग शोधली, मी वाकवलेली. चाप कधीच जड नव्हता.

१ ऑक्टोबर, मंगळवार

लवॉनच्या तपासणीला गेलो. तपासणी माझीच निघाली. तिनं नाव माझं लिहिलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण आहे. तळहातावर बोटाच्या मुळाशी तिनं दाबलं तर बारीक गाठ लागली. म्हणाली, बोट ओढणारी दोरी एका नळीतून जाते, तिथे ती सुजून अडकते. जन्मभर पाने-पकडी घट्ट धरणाऱ्यांना होतं. मी विचारलं, "भाग बदलावा लागेल का?" ती म्हणाली, "भाग चांगला आहे. सूज उतरवू." इंजेक्शन दिलं. उतरायला काही आठवडे लागतील. नाहीच उतरली तर लहानसं ऑपरेशन, दुपारपर्यंत घरी.

"शनिवारी स्पर्धा आहे," मी म्हटलं.

"या हातानं नाही."

"डाव्यानं?"

तिनं लवॉनकडे पाहिलं. लवॉन छताकडे बघत म्हणाली, "मी यात नाही."

डाव्यानं चालेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाली.

३ ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस डाव्या हातानं सराव. गेलननं बीटची कापणी सोडून मला शिकवायला यावं, याबद्दल त्याचा मुलगा माझ्यावर नक्कीच चिडला असेल. सुरुवातीला मी चुकीचा डोळा मिटत होतो. गेलन म्हणाला, "तू निशाणाला डोळा मारतोयस का?"

डाव्या खांद्यावर रायफल घेतली की गोळीची उडालेली तापलेली रिकामी पुंगळी तोंडासमोरून जाते. एक थेट कॉलरमध्ये शिरली. मी जो नाचलो तो पाहून मार्डेलनं शिट्टी वाजवून रेंज थांबवली. लवॉननं रात्री त्या निळ्या शर्टाच्या गळ्याला आणखी एक टिचबटण लावलं, अगदी हनुवटीखाली. आता ही खरी दुरुस्ती.

बाकी काही असो, चाप एकदाही अडला नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

पहाटे जमिनीवर पांढरं दव होतं, नंतर ऊन पडलं. बऱ्याच जोड्या आल्या होत्या. कॉफी वाटायला क्लबनं नवे लोक धरले होते. मी त्यांच्याकडून कॉफी घेतली, डाव्या हातानं, आणि मुद्दाम दोनदा घेतली.

सावकाश फेरीत मी वाईट होतो. निशाणाच्या कडेला खेटून गोळ्या गेल्या, एक तर बाहेरच गेली. गेलन नेहमीसारखा नेटका. मग जलद फेरी. मार्डेलनं हात वर केला. निशाणाची भीती नव्हती. भीती त्या मधल्या क्षणाची होती, गोळी गेल्यानंतरच्या.

शिट्टी झाली. ओढला, सोडला. टिक्. ओढला, सोडला. टिक्. खरं तर कानझाकांमुळे तो ऐकू येत नव्हता, बोटाला कळत होता. डावं बोट अडाणी आहे, पण सोडायला सांगितलं की सोडतं. मी शेवटची गोळी झाडली आणि पुन्हा बोट सैल केलं, उगाच, आता झाडायला काही उरलं नव्हतं तरी.

आम्ही शेवटून दुसरे आलो. शेवटचा कर्टिस, त्याच्या जोडीदाराला मधेच तंबाखूच्या वासाचा ठसका लागला, स्वतःच्या नव्हे, कर्टिसच्या. गेलनला इतका आनंद झाला की पहिला आला असता तरी झाला नसता.

"पुढच्या वर्षी उजव्यानं," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी दोन्ही हातांनी. तुला कुठला हवा ते तू सांग."

"मला फक्त एवढं हवंय की बरणी तू उघडावीस. तुझ्या बायकोचं लोणचं उघडून उघडून माझं मनगट गेलं."

६ ऑक्टोबर, रविवार

रायफल पुसून कपाटात कुलूपबंद केली. उरलेला जुना चाप-संच डब्यात आहे. तोही चांगला आहे.

सकाळी लवॉनकडे जुना कप मागितला. तिनं वरच्या कपाटातून काढला, धुतला आणि माझ्यासमोर ठेवला. कपाच्या कानात बोट नीट शिरत नव्हतं. तो मीच धुऊन वर ठेवला आणि मोठ्या कानाचा घेतला. ती स्वतःची खुर्ची जरा माझ्या बाजूला सरकवून बसली आणि टीव्ही लावला नाही.

आजचं हे सगळं मी डाव्या हातानं लिहिलं आहे. अक्षर फार वाईट आलंय. पेन ठीक आहे.